उत्कृष्ट खलनायक, सन १९८१

मंगरूळपीरच्या बैलबाजाराने १९७४ पासून आठ वर्षं सिनेमाची पारितोषिकं दिली. त्यामुळे एक अपवाद सोडला तर सिनेमातल्या कोणाच्याही आयुष्यात काडीचा फरक पडला नाही. हिरालाल दलालांचं म्हणणं मात्र असं, की फरक पाडणं हा पारितोषिकाचा हेतूच नसतो. निकाल बरोबर लागला की पारितोषिकाचं काम संपलं. हार, फोटो, भाषणं आणि रडणं ही मुंबईवाल्यांची कामं.

हिरालाल आता चौऱ्याऐंशीचे. बैलांची दलाली सोडून त्यांना पंधरा-वीस वर्षं झाली, पण खांद्यावरचा दुपट्टा सुटला नाही. ते रोज सकाळी बाजारासमोरच्या हॉटेलात चहाला बसतात, आणि बाजारात आता बैलांपेक्षा मोटारसायकली जास्त दिसतात याबद्दल कोणालाच दोष देत नाहीत, फक्त मोटारसायकलींचे दात बघता येत नाहीत एवढं म्हणतात.

त्या दिवशी हॉटेलवाल्याचा मोबाईल वाजला. पलीकडे पुण्याहून एक बाई बोलत होती. बैलबाजाराजवळचं म्हणून इंटरनेटवर तिला एवढा एकच नंबर सापडला होता. "तिथे हिरालाल दलाल नावाचे कोणी गृहस्थ होते का?" असं तिने विचारलं.

"होते म्हनजे? बसूनच राह्यले," हॉटेलवाला म्हणाला आणि फोन हिरालालांच्या हातात दिला.

बाईचं नाव रत्नमाला. तिचे वडील जयसेन. एकेकाळी मराठी ग्रामीण सिनेमात जयसेन दिसला, की प्रेक्षकांतल्या बाया पदर आवळून घेत. पाटलाचा बिघडलेला भाऊ, कारखान्यातला गुंड, विहिरीत विष टाकणारा मुनीम अशी कामं त्यांनी तीस वर्षं केली होती. आता ते अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी आठवड्याची मुदत दिली होती.

"बाबांचं बाकी सगळं विसरून झालंय," रत्नमाला म्हणाली. "मला ताई म्हणतात. पण रोज सकाळी एकच विचारतात. मंगरूळचा निकाल लागला का? आम्हाला वाटलं कोर्टाची केस आहे. वकिलांकडेही जाऊन आलो. मग जुन्या सामानात तुमची पोस्टकार्डं मिळाली. काका, निकाल लागला होता का हो?"

हिरालालांनी चहाची बशी खाली ठेवली. "लागला व्हता. पन जाहीर नाही झाला," ते म्हणाले. "मी कळवतो."

कळवण्यासारखं काय होतं, हे जगात एकट्या हिरालालांनाच माहीत होतं.

त्या काळी कापूस निघाला की बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागे. सिनेमे दोन-तीन वर्षं शिळे येत. मुंबईत पडलेला सिनेमा मंगरुळात दणक्यात चाले, आणि मुंबईत गाजलेल्या सिनेमावर मंगरूळची माणसं शेंगांची फोलपटं फेकून घरी जात. बाजाराने ठरवलं, आपणच बक्षीस देऊ. बक्षिसं दोन: उत्कृष्ट बैलजोडी आणि उत्कृष्ट खलनायक. नायकाला काहीच नाही. "नायकाले लिहिनाराच जितवून देते," असं तेव्हाच ठरलं होतं, "खलनायकाले सोताच्या हिमतीवर हराव लागते." दोन्ही बक्षीसपात्रांना एकेक घुंगुरमाळ पाठवली जाई, कारण त्या जोडीने स्वस्त पडत.

बैलजोडीवर कधी वाद झाला नाही. बैल सगळ्यांनाच कळत. वाद होई तो खलनायकावर, आणि मुख्यतः दोनच नावांत. एक समशेरराव. मोठ्या मिशा, मोठा घोडा, मोठं हसू. दुसरे जयसेन.

पंच पाच होते. स्वतः हिरालाल, बैलांचा व्यापारी सेवादास, तंबूचा दारवान हेमसिंग, शाळेचे मास्तर आणि प्रयागबाई. मतदान बैलाच्या सौद्यासारखंच. दुपट्ट्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबायची. एक बोट म्हणजे पहिलं नाव, दोन बोटं म्हणजे दुसरं. वर चेहरा कोरा. कोणी कोणाला मत दिलं हे फक्त दलालाला कळे आणि दलालाने ते मेलं तरी बोलायचं नाही, हा बाजाराचा कायदा. स्वतःचं मत हिरालाल दुपट्ट्याखाली स्वतःचीच बोटं दाबून देत. कोणी हसलं तर त्याला पुढच्या वर्षी पंच करत नसत.

अडचण प्रयागबाईंची होती. तंबूत अर्धी बाजू बायांची, तेव्हा त्यांचा एक पंच हवा म्हणून बायांनीच हट्ट धरला, आणि गावालगतच्या मळ्यात भाजी पिकवणाऱ्या प्रयागबाईंना उभं केलं. पण परक्या बाईची बोटं दुपट्ट्याखाली कशी धरायची? बाजार दोन दिवस या प्रश्नावर बंद पडल्यासारखा होता. शेवटी मास्तरांनी तोड काढली. मधे नवऱ्याला बसवायचं. एका दुपट्ट्याखाली प्रयागबाई नवऱ्याची बोटं दाबणार, दुसऱ्या दुपट्ट्याखाली नवरा हिरालालांची. नवऱ्याचं नाव ग्यानबा. "तो फक्त तार आहे," मास्तर म्हणाले. "तार मधे बोलत नाही." लोकशाहीचा एवढा सुबक नमुना आपल्याच गावात निघाला याचा सगळ्यांना अभिमान वाटला.

आठ वर्षं समशेरराव जिंकले, दर वर्षी तीन विरुद्ध दोन मतांनी. समशेररावांनी एकाही घुंगुरमाळेची पोच दिली नाही. दोन पार्सलं तर परत आली, आणि त्या माळा गोऱ्ह्यांच्या गळ्यात बांधण्यात आल्या. जयसेन मात्र नामांकनाच्या प्रत्येक कार्डाला उत्तर देत: "आभारी आहे. निकाल कळवावा." निकाल कळवला की पुन्हा कार्ड येई: "पुढील वर्षी अधिक प्रयत्न करीन." आणि खरोखरच पुढच्या वर्षी ते आणखी दोन माणसं जास्त मारत.

निकाल जाहीर होई तो शेवटच्या खेळाच्या मध्यंतरात, तंबूच्या भोंग्यावरून. भोंग्यावरून सांगितला तोच निकाल. १९८१ साली मतं पडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात तंबू नव्हता. मालकाने रातोरात गुंडाळून नेला होता, तो पुन्हा आला नाही. भोंगा नाही म्हणजे निकाल नाही. हिरालालांनी तीन-दोनचा तो निकाल पोटात ठेवला आणि चव्वेचाळीस वर्षं सांभाळला. जयसेनांच्या एका कार्डाखेरीज कोणी विचारलं नाही, हा भाग वेगळा.

"सांगून द्या नं मामाजी, जिंकले म्हनून," सून मंजुषा रात्रीच्या भाकरी थापता थापता म्हणाली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि नापासांना पास करण्याचा तिला सरकारी अनुभव आहे. "म्हातारा मानूस. तुमचं काय जाते?"

"आठ वर्षं त्याले खरं सांगतलं. आता मरतानी लबाडी करू?"

"आठ नाही, सात. आठव्याचं कुठं सांगतलं तुमी?"

"म्हनूनच तं." हिरालाल ताटावर सरळ बसले. "जाहीर नाही झालं म्हनजे सौदा उघडाच हाय. टाळी नाही पडली तोवर गिऱ्हाईक बोट बदलू शकते. पंच बी बदलू शकते."

"मंग बदला तुमचं बोट! एक इकडचं तिकडं झालं की झाले तीन."

"मी काहून बदलू? माहं मत इचार करून देल्लं हाय."

मंजुषाने तव्यावरची भाकरी उलटली. या घरात तिला वीस वर्षं झाली होती.

सेवादास, हेमसिंग आणि मास्तर केव्हाच गेले होते. गेलेल्या पंचाचं बोट बदलता येत नाही. राहिल्या प्रयागबाई, ज्या ग्यानबा वारल्यावर मुलाकडे केनवडला राहायला गेल्या होत्या. त्यांनी आपलं मत समशेररावांवरून जयसेनवर नेलं, तर तीन-दोन उलटं होत होतं. कायद्याने, सरळ आणि खोटं न बोलता. म्हाताऱ्याला मरण्याआधी खरा निकाल मिळाला असता, आणि हिरालालांचा शब्दही राहिला असता. फक्त प्रयागबाईंनी ऐकायला हवं होतं. त्यांनी आयुष्यात कोणाचं ऐकल्याची नोंद नव्हती.

रविवारी हिरालाल मंजुषाला घेऊन निघाले. वाशीमला बस बदलली. वाटेत त्यांनी समोरच्या सीटवरच्या माणसाला, तो कुठे चालला आहे, हे पाच वेळा विचारलं. मंजुषाच्या लक्षात आलं, सासरे घाबरले आहेत. बाईमाणसाकडे मत मागायला ते पहिल्यांदाच जात होते.

केनवडला प्रयागबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. पाठीला बाक आला होता, पण आवाज तसाच, मळ्याच्या या टोकाचा त्या टोकाला ऐकू जाणारा.

"या, भाऊ! जित्ते हा अजून?"

"हाव. तुमी?"

"दिसून नाही राह्यली का?"

एवढं कुशल झाल्यावर हिरालालांनी मंजुषाकडून पाणी मागवलं, प्यायले, आणि सगळी हकीकत सांगितली. पुण्याचा फोन. आठवड्याची मुदत. जाहीर न झालेला निकाल. मग दुपट्टा सारखा करत ते म्हणाले, "वयनी, दुपट्ट्याखालचं बोलू नये. पन सौदा उघडा हाय, आन पंचाले त्याचं सोताचं मत सांगाले हरकत नाही. तं इनंती अशी का, तुमचं जे समशेररावाले देल्लेलं मत हाय, ते तुमी…"

"कोनाले?"

"समशेररावाले."

प्रयागबाईंच्या हातातली जुडी सुटली. "त्या घोड्यावाल्याले? मी? भाऊ, डोकं तं ठिकानावर हाय? घोडा चांगला व्हता, थो नाही. मी आठी वर्षं जयसेनले मत देल्लं!"

"पन बोटं…" हिरालालांनी नकळत आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "दर वर्षी एकच बोट आलं. एक बोट म्हनजे समशेरराव."

"मी दोन दाबत व्हती! दोन! चांगले कचकचून!"

दोघांच्या मधे जो तार होता त्याचा फोटो ओसरीतल्या भिंतीवर होता, प्लास्टिकच्या फुलांचा हार घातलेला. फेटा, बारीक मिशी, आणि आपण कशातच नव्हतो असा चेहरा.

प्रयागबाई गुडघ्यावर हात देत उठल्या आणि फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काहून रे? काहून केलं असं? आठ वर्षं!" मग वळून म्हणाल्या, "मले वाटे तुमीच सारे मानसं एकीकडून हा. घरी येऊन मी तुमाले शिव्या देत जाओ, आन हा बुढा माहासंगं मान हालवे! म्हने, खरं हाय, दलाल लबाडच."

"पन त्यानं असं काहून केलं असन, आत्याबाई?" मंजुषाने विचारलं. तिला हसू आवरत नव्हतं आणि आवरलं पाहिजे हेही कळत होतं.

प्रयागबाईंनी फोटोवरची धूळ पदराने पुसली. "पयल्या वर्षी एक सिनेमा आलता. शेवटी जयसेनले सापडवून मारते. मी रडली. सारा तंबू टाळ्या वाजवून राह्यला आन मी रडून राह्यली. त्या रात्री हे जेवले नाही. म्हने, पोट दुखते." त्यांनी फोटोचा हार नीट केला, कदाचित सवयीने. "मले वाटलं, खरंच दुखत असन. ओवा देल्ला."

अशा रीतीने मराठी चित्रपटातल्या एका दीर्घ अन्यायाचं मूळ सापडलं. समशेररावांचा घोडा, त्यांचं हसणं, पंचांची अभिरुची यांवर पुढे कोणी प्रबंध लिहिला असता तर तो सगळाच चुकला असता. जयसेन आठ वर्षं हरले ते ग्यानबा न जेवल्यामुळे.

हिरालाल मात्र हसले नाहीत. ते मान खाली घालून बसले होते. आठ वर्षं त्यांनी आपल्या बोटांवर विश्वास ठेवला होता. बैलाच्या सौद्यात त्यांचं बोट कधी चुकलं नव्हतं. पण बैलाच्या सौद्यात मधे बैलाचा नवरा नसतो.

"म्हनजे तो जिंकलाच हाय," ते शेवटी म्हणाले. "बदलाचं कामच नाही. लावा फोन."

"अन् भोंगा?" मंजुषाने आठवण करून दिली. नियमांच्या घरात राहून तिलाही नियम लागले होते.

भोंगा निघाला. प्रयागबाईंचा मुलगा गणेश गावोगाव भाजी विकतो. त्याच्या तीनचाकी गाडीवर भोंगा होता, आणि त्यात त्याचाच आवाज भरलेला होता. गणेशने आवाज बंद करायला बटण दाबलं, ते चुकीचं दाबलं, आणि "मेथी घ्या, सांबार घ्या" असा मेथी-कोथिंबिरीचा पुकारा एकदा केनवडभर झाला. मग हिरालालांच्या हातात माईक आला. मंजुषाने पुण्याला फोन लावून भोंग्यासमोर धरला.

हिरालाल खाकरले. चव्वेचाळीस वर्षांनी खाकरले म्हणून ते जरा लांबलं.

"मंगरूळपीर बैलबाजार पारितोषिक. सन एकोनीसशे एक्याऐंशी. उत्कृष्ट खलनायक…" इथे तंबूत टाळ्या पडत, म्हणून ते थांबले. समोरच्या घरातली बाई पिशवी घेऊन बाहेर आली आणि काय भाव आहे म्हणून विचारू लागली. "…जयसेन!"

बाई म्हणाली, "मंग मेथी नाही का?"

मंजुषाने फोन भोंग्यापासून काढून सासऱ्यांसमोर धरला. मग एक आवाज आला, खोल आणि खरखरीत, ज्या आवाजात एकेकाळी जयसेनांनी पडद्यावर अख्ख्या गावाची गुरं पळवून नेण्याचा हुकूम दिला होता.

"मतं किती?"

"तीन इरुद्ध दोन."

"विरोधात कोण होतं?"

"ते सांगता येत नाही साहेब. दुपट्ट्याखालचं हाय." हिरालाल थांबले. मंजुषाने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, मानेने नको नको केलं. ती सासऱ्यांना ओळखून होती. "सोताचं मत सांगता येते. एक मी व्हतो."

पलीकडे श्वास ऐकू आला. "का?"

"तुमी मराले लय येळ लावता साहेब."

मंजुषाने कपाळाला हात लावला. गणेश गाडीमागे जाऊन उभा राहिला.

"गोळी लागली का समशेरराव धाडकन पडे," हिरालाल शांतपणे पुढे म्हणाले. ते कोणाला हिणवत नव्हते. बैलाची खोड सांगावी तशी खोड सांगत होते. "तुमाले लागली का तुमी उठत, पडत, भिंत धरत, देवाचं नाव घेत, पुन्हा उठत. आमच्या लोकायची शेवटची गाडी चुकून जाय. दोन मानसं तं दर वर्षी त्यानं मुक्कामी राहत."

पुण्यातून जो आवाज आला तो आधी खोकल्यासारखा वाटला. रत्नमाला मागून "बाबा, बाबा" करत होती. मग कळलं, ते हसत होते. "दिग्दर्शकही हेच म्हणायचे," जयसेन म्हणाले. "मी म्हणायचो, मेहनतीने मिळवलेली भूमिका आहे, लवकर का सोडू?"

एवढ्यात प्रयागबाईंनी फोन हिसकून घेतला, मधे बसून नवऱ्याने बोट कसं बदललं ते सांगून टाकलं आणि वर बजावलं, "यायचं काई ऐकू नका! तुमी सावकाशच मरा. मले तेच पाहाले आवडे." आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी फोटोकडे पाठ केली.

डॉक्टरांचा आठवडा संपला. त्यानंतर तीन दिवसांनी हॉटेलवाल्याचा मोबाईल पुन्हा वाजला. हिरालालांनी फोन कानाला लावला तेव्हा त्यांचा चेहरा, हॉटेलवाल्याच्या सांगण्यानुसार, लंगडा बैल विकायला काढलेल्या माणसासारखा झाला होता.

"काका," रत्नमाला म्हणाली, "बाबा उठून बसलेत. वरणभात खाल्ला. आणि ते म्हणतात, बाकीच्या सात वर्षांतही तोच नवरा मधे होता ना? मग त्या निकालांचं काय? ते अपील करणार म्हणतात."

संध्याकाळी मंजुषाने ऐकलं तेव्हा ती टाळी वाजवून म्हणाली, "सोपं हाय! साती वर्षाचे निकाल तेच हायेत नं? तीन-दोन, उलटे. आता फोन करा आन सारे एकदम जाहीर करून टाका."

"तसं होत नाही. जाहीर झालेला सौदा मोडाचा तं पंच बसवा लागते. एकेका वर्षाचं वेगळं."

"पंच दोनच उरले. तुमी आन आत्याबाई."

"त्याइले कुठं फुरसत हाय? वांग्याचा तोडा सुरू हाय."

"मामाजी, निकाल तं तुमाले माहीत हाय!"

"हाय नं."

"मंग?"

हिरालालांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. "साती एका दमात सांगतले तं तो बसीन कायच्यासाठी?" ते म्हणाले. "वाशीमच्या कोर्टात जाऊन पाहा एकदा. नव्वद-नव्वद वर्षाचे बुढे तारखेवर जगून राह्यले. तारीख हाय तोवर मानूस कुठं जात नाही."

मग त्यांनी मंजुषाला पुण्याचा नंबर लावायला सांगितला आणि दलालाच्या कोऱ्या आवाजात निरोप दिला, "साहेबाले सांगा, १९७४ चं प्रकरण दिवाळीनंतर घेऊ. गैरहजर राह्यले तं निकाल समशेररावाच्या बाजूनं लागीन."